मिसरीचा तवा

माझी जीभ अर्धी आहे. उजवीकडची काढली, सोबत खालच्या जबड्याचं थोडं हाड आणि मानेतल्या गाठी. बोलते मी, पण नव्या माणसाला कळत नाही. लोक एकदा विचारतात, परत विचारतात, मग हसून मान हलवतात. म्हणून लिहिते. शाळा चौथीपर्यंत झाली, ताडकळसला, माहेरी. तीही शेरडांमागं जायचं नसेल त्या दिवशी. नातीनं शुद्धलेखन नीट केलं आहे. तिला म्हटलं, अक्षरं बदल, गोष्ट बदलू नको.

मिसरी लावणाऱ्या बाईला हे उपयोगी पडेल. दारू पिणाऱ्याच्या आईला पडेल. मी दोन्ही आहे.

तवा

मिसरी म्हणजे तंबाखूच. तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची. बोटानं दातांवर फिरवायची आणि गप्प बसायचं. बसण्यातच सुख असतं. तोंड भरलेलं असतं, कुणी काही विचारलं तरी नुसतं हं म्हणता येतं. मला सासूनं शिकवली. माझी दाढ दुखत होती, ती म्हणाली लाव, थांबेल. थांबली. तेव्हापासून लावत आले.

मिसरी भाजायचा तवा आमच्याकडे वेगळा असतो. जाड लोखंडाचा. त्यावर भाकरी केली तर भाकरीला वास लागतो. आणि सासूची मिसरी सुनेनं भाजायची ही रीत. माझ्या सासूची मी भाजली, माझी मंगलनं. मंगल म्हणजे माझी सून. नवी होती तेव्हा धुरानं तिला ठसका लागायचा. मी म्हणायचे, सवय होईल. झाली.

बालाजी माझा एकुलता एक. टेम्पो चालवायचा. पुढे टेम्पो गेला, दारू राहिली. त्याच्यासाठी मी सगळं केलं. त्याच्या गळ्यात माळ घातली, अंगारा आणला, कुणी सांगितलं म्हणून चहात पुड्या टाकल्या. परभणीला व्यसन सोडवणाऱ्या डॉक्टरकडे नेला. डॉक्टरनं विचारलं, घरात आणखी कुणाला व्यसन? मी म्हटलं कुणाला नाही. गावातही सगळ्यांना तेच सांगायचे, की आमच्या घरात व्यसन एकालाच आहे. सांगताना बोट तोंडात असायचं.

तो मंगलला मारायचा. मी म्हणायचे, तो नाही मारत, दारू मारते. मंगलला पण हेच सांगायचे. ती ऐकून घ्यायची.

एका दुपारी त्यानं तिच्या डोक्यात कुऱ्हाडीची उलटी बाजू घातली. दुसरा घाव तिनं हातावर घेतला. कारण सांगत नाही, कारण नव्हतंच. लोक मला विचारतात, तू कुठं होतीस. ओसरीवर होते. तोंडात मिसरी होती. थुंकायला उठले, तोवर झालं होतं.

शेजाऱ्यांनी जीप बोलावली. मंगल दवाखान्यात गेली, बालाजी परभणीच्या जेलात. कोर्टानं एकदा जमानत नाकारली. मंगल जगली. कोपर मात्र सरळ होत नाही, हात वाकडाच राहिला. दवाखान्यातून ती पोरीला घेऊन माहेरी गेली, पालमकडे. घरात मी आणि शेरडं उरलो.

ती परत आली

काही महिन्यांनी मंगल पोरीसोबत परत आली. ओसरीवर पिशवी ठेवली आणि उभ्या उभ्याच बोलली.

"आत्याबाई, तुमच्यासाठी न्हाई आले. तिकडं भावजय पोरीच्या ताटात बघायलीय. हितं तो न्हाई. आन शेरडं माझी बी हायत."

"मी काय म्हनले का?"

"म्हनायच्या आधीच सांगितलं. आन मिसरी तुमची तुमी भाजा."

मी माझी भाजायला लागले. ठसका मलाही लागला.

जिभेच्या कडेला फोड तेव्हाच आला होता. ज्वारीच्या दाण्याएवढा. मला वाटलं दात लागत असेल. आता नीट वाचा. मिसरी लावली की तो भाग बधिर व्हायचा. मला वाटायचं औषध आहे. ठणका वाढला तशी मी मिसरी वाढवली. मग कानात दुखायला लागलं, मी कानात तेल घातलं. भाकरी गिळेना, मी दुधात कुस्करून खायला लागले. फोड आणणारी मिसरी आणि फोड झाकणारीही मिसरीच. दारू पिऊन दारूचं दुःख विसरणाऱ्याला मी हसायचे.

दुधातल्या भाकरीवर एकदा रक्त दिसलं. मला नाही, मंगलला दिसलं.

"आ करा."

मी केला नाही. शेरडाला औषध पाजताना जबड्याच्या कोपऱ्यात अंगठा दाबतो, की तोंड आपोआप उघडतं. तिनं माझं तसंच उघडलं. फोनची बॅटरी लावून आत बघितलं, अंगठा काढला, लुगड्याला पुसला.

"उद्या परभनीला जायचं."

"शेरडं?"

"शेरडं शेजारी वळतील. मरनार न्हाईत एका दिवसात."

जीभ माझी

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणजे नातीपेक्षा थोडी मोठी पोरगी होती. तिनं विचारलं, "आजी, काही व्यसन?"

"काय न्हाई."

"मिसरी," मंगल बोलली.

"ते व्यसन न्हाई, दात घासायचं हाय."

"उठल्यापासून निजूस्तोर दातच घासत्यात ह्या."

डॉक्टर हसली नाही. तोंडात बघितलं आणि मान दाबून बघितली. जिभेचा तुकडा तपासायला पाठवला. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा कागद आला होता. तिनं मंगलला खूण केली, जरा बाहेर या. मी म्हटलं, "तिला कायला? जीभ माझी हाय."

मग तिनं मलाच सांगितलं. कॅन्सर आहे, ऑपरेशन लागेल, इथे होणार नाही, संभाजीनगरला जावं लागेल. आम्ही अजून औरंगाबादच म्हणतो. ती समजावून सांगत होती. मी भिंतीवरची पाल बघत होते. मला वाटलं होतं असं काही ऐकलं की छातीत काहीतरी होतं. काही झालं नाही. पाल ट्यूबलाईटच्या मागे गेली. मी म्हटलं, बरं.

मंगल दाराला टेकून उभी होती, डोक्यावरच्या व्रणावर पदर ओढत. बाहेर आलो तेव्हा तिनं विचारलं, "चा घ्यायचा का?"

"घेऊ."

चहा घेतला. चहानंतर मी सवयीनं डबी काढली. तिनं ती माझ्या हातातून घेतली, टपरीमागच्या नालीत उपडी केली, आपटून आपटून रिकामी केली आणि रिकामी डबी मला परत दिली. डबी चांगली होती, स्टीलची.

नळी

पोरगी आणि शेरडं शेजाऱ्यांवर सोपवून आम्ही गेलो. औरंगाबादचा दवाखाना मोठा. तिथे सकाळ झाडूवाल्या बाईच्या बादलीनं व्हायची, मग सिस्टर, मग डॉक्टरांचा घोळका. घोळका आला की आपलं तोंड उघडायचं. सगळे आत बघतात, आपल्याकडे कुणी बघत नाही. त्याचं काही वाईट वाटून घेऊ नये. आत बघण्यासारखं असतं म्हणून बघतात.

ऑपरेशनच्या आधी माझे हात थरथरायला लागले. मला वाटलं भीती आहे. सिस्टर म्हणाली, तंबाखू सुटली ना, म्हणून. मी हात मांडीखाली घालून बसले. बालाजी असाच बसायचा, दारू मिळाली नाही की. हात मांडीखाली, पाय हलतोय, आणि घरातल्या प्रत्येकाचा राग. मी त्याला म्हणायचे, मनात आणलं तर सुटतं. आता मी मनात आणून बसले होते आणि शेजारच्या खाटेवरची जिंतूरकडची म्हातारी मिसरी लपवून आणते हे मला वासावरून कळत होतं. तिच्या नाकात नळी होती तरी ती संडासात जाऊन लावायची. मी तिच्याकडे मागितली. तिनं दिली नाही.

"मलाच पुरत न्हाई," म्हणाली.

देवानं वाचवलं म्हणतात तसं मला तिच्या कंजूषपणानं वाचवलं.

ऑपरेशन झालं. जागी झाले तेव्हा तोंडात माझं असं काही नव्हतं. खालचा ओठ आणि हनुवटी बधिर. ती अजून तशीच आहे. नाकातून नळी पोटात. मंगल तिच्यातून दूध, डाळीचं पाणी, पातळ पेज पिचकारीनं सोडायची. पिचकारी उंच धरून हळूहळू सोडावं लागतं, हात हलून चालत नाही. तिचं कोपर जिथे अडकलं आहे तीच पिचकारी धरायची उंची. दुसऱ्या खाटांवरच्या सोबतच्या बायकांचे हात भरून यायचे. तिचा यायचा नाही.

जिंतूरच्या म्हातारीनं तिला विचारलं, "लेक का ह्यांची?"

"सून."

"सून हाय आन रोज पाजवायलीय? लेक कुटं हाय मग?"

"लेक न्हाई. ल्योक हाय."

"त्यो कुटं हाय?"

"कामावर," मंगल म्हणाली आणि पिचकारी धुवायला गेली.

माझा भाऊ किसन ताडकळसहून बघायला आला. केळी घेऊन आला, नाकात नळी असलेल्या बाईसाठी. स्टुलावर बसला, रडला, नाक पुसलं. मग कामाचं बोलला.

"अक्का, वकिलाला भेटलो. वकील म्हनायलाय, आता जमानत होती. म्हातारी माय, कॅन्सर, एकुलतं एक पोरगं. बघायला कोनी न्हाई. जज्ज काय दगूड हाय का? तू नुसती मान हलीव, बाकी मी बघतो."

मंगल तेव्हा पेज सोडत होती. पिचकारी अर्धी होती.

"बघायला कोनी न्हाई," किसन परत म्हणाला, तिच्याकडे न बघता.

"मामा," मंगल म्हणाली, "जरा ही धरा. पानी संपलं, घिऊन येते."

तिनं पिचकारी त्याच्या हातात दिली आणि गेली. किसनला कसं धरायचं ते कळेना. वर केली की पेज भसकन उतरायची, मला ठसका लागायचा. खाली केली की उलटी यायची. त्याच्या शर्टावर सांडली, माझ्या अंगावर सांडली. मंगल तांब्या घेऊन दारात उभी होती. किती वेळ उभी होती माहीत नाही. आली, पिचकारी घेतली, परत सोडायला लागली. किसननं रुमालानं शर्ट पुसला. जाताना म्हणाला, "विचार कर."

मी विचार केला. बालाजी सुटून आला तर मंगल जाईल. ती गेली तर मला नळी कोण लावणार. हा माझा पहिला विचार होता. तो चांगला नव्हता, पण खरा होता. दुसरा विचार असा की तो माझा मुलगा आहे. ह्या दोन विचारांत मी बरेच दिवस पडून राहिले. कुठलाच जोर करत नव्हता. दवाखान्यात असं होतं. पोटात दूध गेलं की नाही, एवढ्याचीच फिकीर राहते.

काचेपलीकडं

शेक संपवून आम्ही परत आलो. शेक म्हणजे ते मशीनखाली झोपवतात ते. दुखत नाही, नंतर भाजतं. घसा आतून सोलून निघतो. नळी निघाली, पातळ खायला लागले. चव गेली. आंबट आणि खारट थोडं कळतं.

चालता येऊ लागलं तसं किसननं मला परभणीला नेलं, बालाजीच्या भेटीला. मध्ये काच असते, दोन्हीकडे फोन असतो. माझं बोललेलं समोरासमोर कळत नाही, फोनवर काय कळणार. मी फोन कानाला लावून नुसती बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचं मध्ये न बोलता सगळं ऐकलं.

तो चांगला दिसत होता. गाल भरले होते, डोळ्यांतली लाली गेली होती. हात स्थिर होते. कित्येक महिने थेंब नाही. मी ज्या पोराची माळ घालून वाट बघत होते तो हाच होता.

"माय, लय वाळलीस," म्हणाला. "मी आलो की सगळं करतो. मामानं सांगितलं, जमानत व्हायलीय. ती हाय का घरी?"

मी मान हलवली.

"असू दे. तिला म्हनावं, केस मागं घे. घेतली तर बरं. न्हाई तर मी येतोच हाय. त्या टायमाला हात हुकला."

आवाज चढला नाही. शिवी दिली नाही. चहा घे म्हणावं तसं म्हणाला. मग विचारलं, काळी शेळी व्याली का.

मी इतकी वर्षं सांगत आले होते की दारू बोलते, तो नाही बोलत. समोर दारू नव्हती. काच स्वच्छ होती. तोच बोलत होता.

बाहेर येऊन मी किसनला हातानं नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "तुला काय कळतंय. जिवावरचं दुखनं, डोकं चालत न्हाई." त्यानं वकिलाला अर्ज टाकायला लावला. माझ्या मान हलवण्यावाचून काही अडलं नाही.

मंगलला मी लिहून सांगितलं नाही, बोलून सांगितलं. तिला माझं बोललेलं कळतं. तो काय म्हणाला तेही सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मला ठावं हाय." आणि भाकरी तव्यावर टाकली.

शेरडं

शेरडांना बोलवायला जीभ लागते. टाळूला लावून टक टक करायचं, मग हुर्र करायचं. दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी मी अंगणातून बोलवलं. एकही वळलं नाही. जन्मापासून माझ्या आवाजावर येणारी शेरडं माझ्याकडे बघत चरत राहिली. मला कॅन्सर ऐकून काही वाटलं नव्हतं. तेव्हा थोडं वाटलं.

मंगलनं बघितलं असावं. तिनं माळ्यावरून मिसरीचा तवा काढला, त्याच्या दांड्याला सुतळी बांधली आणि ओसरीच्या खुंटीला टांगला. ज्वारीचा कोंडा टोपल्यात टाकायची आणि दगडानं तवा वाजवायची. जाड लोखंड, लांबवर आवाज जातो. आठ-पंधरा दिवसांत शेरडं तव्यावर यायला लागली. मग दगड माझ्या हातात दिला. आता शेरडं ओढ्याकाठी असली आणि मी तवा वाजवला की येतात. त्यांच्यामागं मंगल येते.

बधिर ओठाचं एक सांगते. चहा पिताना हनुवटीवरून ओघळतो, मला कळत नाही. चारचौघांत लाज वाटते. मंगल आपल्या हनुवटीला बोट लावते. मी पुसते. घरात कुणी असं असेल तर त्यांनी हेच करावं. ओरडून सांगू नये.

जमादार

कोर्टानं पोलिसांना सांगितलं, म्हातारीला बघायला खरंच कोणी नाही का, घरी जाऊन चौकशी करा. हे किसनला आधी कळलं. तो आदल्या दिवशीच आला. सकाळी पोरगी शाळेला गेल्यावर मंगलला म्हणाला, "आज शेरडं लांब ने. ओढ्याच्या पल्याड पाला चांगला हाय. लवकर येऊ नको, चरू दे."

मंगलनं त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं. ती थांबू शकत होती, भांडू शकत होती. तिनं काठी घेतली आणि गेली. जाताना कोंड्याचं टोपलं मात्र ओसरीवर माझ्याजवळ ठेवून गेली.

जमादार मोटारसायकलवर आला. जाड माणूस, घामेजला होता. बाजेवर बसला, कागद काढला.

"आजी, नाव?"

मी सांगितलं.

"काय?"

"गयाबाई," किसन म्हणाला. "तिला बोलता येत न्हाई सायब. जीभच काढली."

"बघतं कोण यांना?"

"कोन बघनार? मी ताडकळसला. एकुलतं एक लेकरू, ते आत."

"सैंपाकपाणी?"

"शेजारपाजारचे देत्यात कायतरी. हाल हायत सायब."

मी म्हटलं, मंगल. परत म्हटलं.

"काय म्हणतायत?"

"पानी मागायलीय," किसन म्हणाला आणि पाणी आणून दिलं.

मी पाणी प्यायले. जमादार लिहीत होता. त्याचं अक्षर मोठं होतं, मला बसल्या जागेवरून दिसत होतं. बघायला को, एवढं झालं होतं.

त्या वेळेला माझ्या मनात फार काही आलं असं सांगता आलं असतं. नाही आलं. काचेपलीकडचं तोंड आठवलं, भरलेले गाल. आई म्हणून बरं वाटलं होतं ते गाल बघून. मी उठले, दगड घेतला आणि तवा वाजवायला लागले.

"हे काय करायल्यात?" जमादारानं विचारलं.

"शेक दिल्यापासून डोक्यावर परिनाम झालाय सायब. अक्का, बस खाली. अक्का."

त्यानं माझा हात धरला. मी दुसऱ्या हातात दगड घेतला. आजारी माणसाशी झोंबायला तोही लाजला, जमादार समोर होता. मी वाजवत राहिले. हात भरून आला तरी वाजवला. ओढ्याच्या पलीकडे आवाज जातो की नाही मला माहीत नव्हतं. तेवढ्या लांबून कधी बोलवलं नव्हतं.

आधी काळी शेळी आली, पिल्लं मागं सोडून. मग सगळी आली, अंगणात घुसली, कोंड्याच्या टोपल्यावर पडली. एकीनं जमादाराच्या कागदाला तोंड लावलं, त्यानं कागद डोक्यावर धरला. त्यांच्यामागं मंगल आली, पळत, काठी वाकड्या हाताच्या काखेत, धाप लागलेली.

"काय झालं आत्याबाई? अवेळी वाजवला?"

मग तिला वर्दी दिसली. तिनं पदर डोक्यावर ओढला. माझ्याकडे बघितलं आणि आपल्या हनुवटीला बोट लावलं. मी पाणी पुसलं.

जमादार ते बघत होता.

"तुम्ही कोण?"

"सून यांची."

"म्हणजे ती मारहाणीची फिर्याद..."

"माझीच."

"यांचं कोण करतं?"

"मीच. दवाखान्यापासून."

त्यानं कागद खाली घेतला, लिहिलेलं वाचलं, आडवी रेघ मारली. किसनकडे बघितलं. "काका, कोणी नाही म्हणालात."

"ती कवा बी जाईल सायब," किसन म्हणाला. "तिचा काय भरवसा."

"तो आला तर जाईन," मंगल म्हणाली. "आज न्हाई गेले."

जमादारानं चहा घेतला आणि गेला. किसन जेवला नाही, दुपारच्या गाडीनं ताडकळसला गेला. अजून बोलत नाही. जमानत झाली नाही.

एवढंच

पुढच्या भेटीला मी एकटीच गेले. नाव पुकारलं. बालाजी आला नाही. मी काचेसमोर बसले, वेळ संपली, उठले. पुढच्या महिन्यात परत जाईन. रडू आलं नाही. येईल असं वाटत होतं.

मंगल आणि मी मायलेकी झालो नाही. ती मला अजून त्याच आवाजात बोलते. पाण्यावरून, शेरडांवरून भांडतो. माझं अर्धं बोलणं तिला कळतं, अर्धं ती मुद्दाम न कळल्यासारखं करते. दर काही महिन्यांनी डॉक्टरांना तोंड दाखवायला जावं लागतं, ती सोबत येते. आतापर्यंत नवीन काही निघालं नाही. मिसरीची आठवण अजून येते, रोज, चहानंतर. जात नाही ती. ज्या बाईच्या तोंडात न भरणारा फोड आहे तिनं उद्या जावं, परवा नाही.

खटला आता उभा राहायला आला आहे. सरकारी वकील भेटले. त्यांच्या कागदात माझं नाव साक्षीदार म्हणून आहे. त्यांनी मला दोन-तीन गोष्टी विचारल्या, मी सांगितल्या, त्यांना कळल्या नाहीत. मंगलनं अर्थ सांगायला तोंड उघडलं, ते म्हणाले, तुम्ही नाही चालणार, फिर्यादी आहात. मग माझ्याकडे वळले.

"आजी, कोर्टात कसं करायचं? बोलता तर येत नाही तुम्हाला."

मी त्यांच्याकडे पेन मागितला. त्या दुपारी ओसरीवर मीच होते.